निनावी फाइल-वाटप (मॅकवरील चाचणी व दोषनिवारण)

पाठवणारा कोण आणि घेणारा कोण हे एकमेकांना किंवा मधल्या इंटरनेट कंपनीला कळू न देता फाइल पोहोचवण्याची पद्धत म्हणजे निनावी फाइल-वाटप. कंपनीला फार तर टॉर हे ओळख लपवणारे जाळे चालू असल्याचे दिसते; पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. या प्रकारातले जुने नाव फ्रीनेट. एडिनबर्ग विद्यापीठात शिकत असताना इयन क्लार्क यांनी १९९९ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि २००० मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. आता ते हायफानेट या नावाने चालते. त्यात फायलींचे सांकेतिक तुकडे अनेकांच्या संगणकांवर विखरून ठेवलेले असतात. मॅकवर ते चालवायचे तर जावा लागते आणि राउटरशीही झगडावे लागते. रोजच्या कामाला सोपे पडते ते ओनियनशेअर. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांचे जोडीदार डेव्हिड मिरांडा यांना लंडनच्या हीथ्रो विमानतळावर अडवून त्यांच्याजवळची साधने जप्त करण्यात आली. फायली अंगावर बाळगून नेण्याचा धोका त्यातून उघड झाला. त्यानंतर २०१४ मध्ये मायका ली यांनी ओनियनशेअर हे मुक्त सॉफ्टवेअर तयार केले. या नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात या विषयाला एक खास बाजू आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी चालवलेल्या आंदोलनाच्या रेट्याने राज्यात माहितीच्या अधिकाराचा कायदा आला आणि २००५ मध्ये केंद्राचा कायदा झाला. पण माहिती अधिकाराच्या अर्जावर अर्जदाराचे नाव आणि संपर्काचा पत्ता द्यावाच लागतो. कार्यालयाच्या आत बसलेल्या माणसाला एखादे मोजमाप पुस्तक किंवा बिलाची प्रत पत्रकाराकडे पोहोचवायची असेल, तर ही वाट त्याच्या कामाची नाही.

अशा माणसाला ओनियनशेअर उपयोगी पडते. ते पाठवणाऱ्याच्याच मॅकवर एक छोटा वेब-सर्व्हर उघडते आणि तो टॉरच्या जाळ्यात ओनियन सेवा म्हणून मांडते. तिचा पत्ता ५६ अक्षरांचा असतो आणि शेवटी ‘ओनियन’ हा प्रत्यय लागतो. सोबत एक खासगी किल्ली मिळते. घेणाऱ्याने टॉर ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा आणि विचारल्यावर किल्ली द्यायची. फाइल कुठल्याही तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चढत नाही. दोन्ही टोके आतून बाहेर जाणारीच जोडणी करतात, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडावे लागत नाही. खेड्यात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला याचा मोठाच फायदा होतो, कारण तिथे स्वतंत्र आयपी पत्ता सहसा मिळतच नाही. वेग मात्र बेताचा असतो. दोन टोकांच्या मध्ये साधारणपणे सहा टप्पे पडतात, तेव्हा जडशीळ व्हिडिओसाठी धीर धरावा लागतो.

बसवताना पहिला अडथळा मॅकच्या गेटकीपरचा. अधिकृत ओनियनशेअर स्वाक्षरीसह येते, म्हणून पहिल्यांदा उघडताना ‘हे इंटरनेटवरून उतरवले आहे, उघडायचे का’ एवढाच प्रश्न यायला हवा. ‘खराब आहे’ किंवा ‘निर्माता ओळखता येत नाही’ असा इशारा आला, तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन ‘ओपन एनीवे’ दाबण्याची सवय वाईटच. उतरवलेली फाइल फेकून द्यावी, मूळ संकेतस्थळावरून पुन्हा घ्यावी आणि तिची पीजीपी स्वाक्षरी तपासावी.

चाचणी एका निरुपद्रवी लहान फायलीने सुरू करावी. आधी त्याच मॅकवर टॉर ब्राउझरमध्ये पत्ता उघडून पाहावा. मग दुसऱ्या यंत्रावर, आणि तेही वेगळ्या जोडणीवर, हेच करावे. एका वायफायवरच्या दोन यंत्रांची चाचणी अर्धवट ठरते. दोन्हीकडे टर्मिनलमध्ये फायलीचा एसएचए-२५६ ठसा काढून जुळवावा. किल्ली मुद्दाम चुकीची देऊन दार बंदच राहते ना हे पाहावे. एकदा फाइल उतरली की वाटप आपोआप थांबते, ही मूळची मांडणी आहे. ती जागेवर आहे का, हेही इथेच कळते.

जोडणीच होत नसेल तर प्रथम घड्याळ पाहावे. टॉर वेळेबाबत काटेकोर आहे, कारण त्याच्या जाळ्याची यादी दर तासाला नवी होते आणि तीन तासांत कालबाह्य ठरते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या मॅकवर एक फसवा दोष आढळतो. कालविभाग कॅलिफोर्नियाचाच राहतो आणि काटे मात्र हाताने फिरवून नगरच्या वेळेवर आणलेले असतात. पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण टॉर ज्या जागतिक वेळेवर चालते ती साडेबारा-साडेतेरा तासांनी चुकलेली असते. कालविभाग कोलकात्याचा करून वेळ आपोआप लावण्याची सोय चालू केली की प्रश्न सुटतो. घड्याळ ठीक असूनही जोडणी अडली, तर ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या जाळ्यावर टॉर अडवलेले असू शकते. तेव्हा सेटिंगमधून ओबीएफएस४ किंवा स्नोफ्लेक हा पूल (ब्रिज) निवडावा. मॅकमध्ये वेगळा फायरवॉल किंवा अँटिव्हायरस बसवला असल्यास त्याने टॉरला रोखले आहे का, तेही पाहावे.

पत्ता तयार होतो पण समोरच्याकडे उघडत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. निम्म्या वेळा समोरच्याने तो सफारीत किंवा क्रोममध्ये टाकलेला असतो, आणि तिथे तो कधीच उघडणार नाही. टॉर ब्राउझर दोषाचा संकेतांकही दाखवतो. एफ० म्हणजे सेवेची नोंदच सापडली नाही, एफ४ म्हणजे किल्ली दिलेली नाही, एफ५ म्हणजे किल्ली चुकली, एफ६ म्हणजे पत्ताच अवैध. एफ० आला की संशय पाठवणाऱ्यावर घ्यावा, कारण बहुधा त्याचा मॅक झोपलेला असतो. झाकण मिटले किंवा पडदा विझून यंत्र निद्रेत गेले की सर्व्हरही जातो. चार्जर लावून झाकण उघडे ठेवावे आणि टर्मिनलमध्ये ‘कॅफिनेट’ ही आज्ञा चालू ठेवावी. मॅक बॅटरीवर चालत राहिला तरी लोडशेडिंगमध्ये वायफायचा राउटर बंद पडतो, हे गावाकडे विसरून चालत नाही. ओनियनशेअरमधला टॅब जतन केलेला नसेल तर तो बंद करून पुन्हा उघडल्यावर पत्ता नवा मिळतो आणि जुना निकामी होतो.

यातून उलगडा झाला नाही तर टर्मिनलमधून तपशीलवार नोंदीच्या पर्यायासह ओनियनशेअर सुरू करावे. गाडी नेमकी कुठे अडते ते त्या नोंदीत दिसते. मदतीसाठी ती नोंद कोणाला दाखवताना आतले ओनियन पत्ते आणि फायलींची नावे खोडावीत.

मराठी नावाच्या फायलींची एक वेगळीच अडचण आहे. जुन्या एचएफएस प्लस पद्धतीच्या डिस्कवर मॅक ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि खालचा नुक्ता असा साठवतो. विंडोजवर ते नाव दिसते तसेच, पण शोधले तर सापडत नाही. नव्या एपीएफएस पद्धतीत नाव दिले तसे राहते. मजकुराला यातून धक्का लागत नाही, तरी पाठवण्यापूर्वी नाव साध्या अंकांत ठेवलेले बरे.

फाइल नीट पोहोचली म्हणून निनावीपणाही टिकला असे होत नाही, आणि खरी चूक बहुधा इथेच होते. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असतात. मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये इन्स्पेक्टर उघडून ते काढता येतात. वर्डच्या फायलीत लेखकाचे नाव राहते. फोल्डर पाठवल्यास त्याची झिप बनते आणि तीत मॅकची लपलेली ‘डीएस-स्टोअर’ फाइलही जाऊ शकते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडशी जोडलेले असतील, तर तीच कागदपत्रे पाठवणाऱ्याच्या नावाच्या खात्यात अ‍ॅपलकडे आधीच पोहोचलेली असतात. पत्ता आणि किल्ली स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून धाडली तर उरलेली सगळी खबरदारी पाण्यात जाते.

टॉर वापरण्यावर भारतात सरसकट बंदी नाही. पाठवलेल्या मजकुराची कायदेशीर जबाबदारी मात्र सुटत नाही. सरकारदरबारी रीतसर तक्रारीला या साधनाचा उपयोग होत नाही. जागल्यांच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्यात तक्रारदाराची ओळख नसलेल्या तक्रारीवर कारवाई करू नये असेच कलम आहे, आणि तो कायदाही २०२४ अखेरपर्यंत अंमलात आलेला नव्हता.