दात मोजणारे नियम

देवळा-कळवणपासून सटाणा-मालेगावपर्यंतच्या कसमादे पट्ट्यात बैल घेणारा शेतकरी आधी त्याचा खालचा ओठ ओढून दात बघतो. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. दुधाचे दात पडून कायमची पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांनी येते, मग एकेक करून बाकीच्या जोड्या, आणि आठही आले की बैल जुळला. बाजारातली ही जुनी खूण शर्यतीच्या मैदानानेही उचलली. पश्चिम महाराष्ट्रातल्या सपाट मैदानांवर आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात. आदत म्हणजे अजून दुधाच्या दातांवर असलेला, दुसा दोन दातांचा, चौसा चार दातांचा. कोवळ्या खोंडाला मुरलेल्या बैलापुढे उभे करायचे नाही, हा त्यामागचा न्याय. पूर्वी बैलाच्या जन्मतारखेचा कागद कोणाकडे नसे, पण दात दोन्ही पक्षांसमोर मोजता येत. नियम नुसता योग्य असून चालत नाही. तो हरणाऱ्यालाही स्वतःच्या डोळ्यांनी तपासता आला पाहिजे. शर्यतींचा इतिहास पाहिला तर टिकलेले नियम बहुतेक याच जातीचे आहेत.

मोटारींच्या शर्यतींतही हेच घडले. अमेरिकेतल्या नॅस्कार या स्टॉक कार शर्यतींत इंजिने मिनिटाला साडेनऊ हजार फेऱ्यांच्या पुढे जाऊ लागली. इंजिन जितके जोरात फिरवावे तितका खर्च वाढे आणि आयुष्य घटे. श्रीमंत संघांना ते परवडे, बाकीचे मागे पडत. 2005 साली नॅस्कारने यावर उपाय केला तो गिअरच्या प्रमाणाचा. मागच्या आसाच्या मोठ्या चक्राला 37 दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या चक्राला 9 असतील, तर चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडचा दांडा 4.11 वेळा फिरतो. छोट्या चक्राला 10 दात केले की हेच प्रमाण 3.70 होते, आणि गाडीचा वेग तोच राहूनही इंजिनाच्या फेऱ्या दहा टक्क्यांनी उतरतात. कोणत्या ट्रॅकवर कोणते प्रमाण चालेल हे ठरवून दिले की काम झाले. तेव्हा या गाड्यांत कार्ब्युरेटरच होते, इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा 2012 साली आला, त्यामुळे इंधन रोखून फेऱ्यांना लगाम घालण्याची सोय नव्हती. धावत्या इंजिनावर पाळत ठेवण्यापेक्षा चक्राचे दात मोजणे सोपे आणि वादातीत होते.

यावर आक्षेप येतो की असे नियम कौशल्याला वेसण घालतात. मेहनतीने इंजिन जोरदार केले, बैल पोसून तयार केला, आणि वर पुन्हा मर्यादा? पण मर्यादेने कौशल्य संपत नाही, त्याची जागा बदलते. पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगाव-खेडच्या घाटांत पुढे घोडी, मागे बैल आणि वर चढणीचा घाट असे ठरलेले असते, वेळ सेकंदात मोजतात. सगळ्यांना चढण एकच, म्हणून तर 'घाटाचा राजा' या मानाला अर्थ आहे.

दुसरा आक्षेप फार गंभीर आहे, आणि त्याला बगल देऊन बैलगाड्यावर लिहिता येणार नाही. इंजिनाला वेदना नसते. दातांचे गट मालकामालकांत न्याय करतात, बैलाला मात्र चाबकापासून वाचवत नाहीत. 2011 साली केंद्राने बैलाचा समावेश खेळ करून दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला, आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. मैदानांवर शेपट्या पिरगाळल्या जात, टोचण्या वापरल्या जात. ही तक्रार खोटी नव्हती. राज्याने 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली, उच्च न्यायालयाची स्थगिती आली, 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

राज्याच्या नियमांकडे दाताच्या कसोटीने पाहावे. धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब नको, हे टेपने मोजता येते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्याचा दाखला कागदावर दिसतो. पण काठी, चाबूक, विजेचा झटका वापरू नये, हे धुळीत धावणाऱ्या गाडीवर कोण तपासणार? चित्रीकरणाने मदत होते, तरी पुरावा शर्यत झाल्यानंतर हाती येतो, तोवर बैलाने मार खाल्लेला असतो. हा नियमही मोजता येईल असा करता येतो: सुटण्यापूर्वी पंचांनी सगळ्यांसमोर हाकणाऱ्याचे हात, कमर आणि गाडी तपासावी, आणि रेषेपासून रेषेपर्यंत रिकाम्या हातांनीच गाडी हाकायची असे ठरवावे. बैल स्वतःच्या जोमाने पळतो, ही मालकांची बाजू खरी असेल तर या तपासणीने त्यांचे काहीच बिघडत नाही. ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यातले बैल कमी झाले. शर्यतीमुळे खिल्लार ही बैलांची जात टिकते या म्हणण्यातही तथ्य आहे, पण ते मारण्याचे समर्थन होऊ शकत नाही. देवळ्यापासून जुन्नरपर्यंत जिथे म्हणून यात्रा कमिटी मैदान भरवते, तिथे दात बघणाऱ्या पंचांनी यंदापासून हातही बघावेत.