हलकी उघडी स्पोर्ट्‌स कार (बारामती–इंदापूर परिसर)

हलकी उघडी स्पोर्ट्‌स कार : दोन माणसांपुरती, कायमचे छप्पर नसलेली आणि वजन मुद्दाम एका टनाच्या आत राखलेली मोटारगाडी. अशा गाडीच्या वर्णनात छपराचा उल्लेख बहुधा आधी येतो आणि वजनाचा नंतर. या नोंदीत तो क्रम उलटा धरला आहे. बंद मोटारीत छप्परही सांगाड्याचा भार पेलते, गाडीला पीळ पडू देत नाही. ते काढून टाकले की दारांखालचे कडे, तळ आणि पुढच्या काचेची चौकट जाड करावी लागते, आणि उघडी गाडी मूळ बंद गाडीपेक्षा जड भरते. म्हणून महागड्या मोटारींच्या छप्पर दुमडणाऱ्या आवृत्त्या या नोंदीच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. येथे विचार आहे तो पहिल्या रेघेपासून कमी वजनासाठी आखलेल्या गाडीचा. पुणे जिल्ह्याच्या बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत अशी गाडी केवळ शोभेची ठरेल, असे सहज म्हटले जाते. रस्ते तसले, ऊन फार, उसाची वाहतूक जीवघेणी, अशी कारणे पुढे केली जातात. ऊसवाहतुकीचे कारण खरे आहे. बाकीची दोन तपासायला घेतली तर फारशी टिकत नाहीत, आणि ज्याचे नाव सहसा कोणी घेत नाही तो कायदाच मोठा अडसर असल्याचे दिसते.

या जातीचा मूळ नमुना म्हणजे कॉलिन चॅपमन (१९२८–८२) याने इंग्लंडमध्ये १९५७ साली आणलेली लोटस सेव्हन. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे आणि फोर्डचे साधेसुधे ११७२ घनसेंमी.चे इंजिन, एवढाच तिचा संसार. सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडली की ब्रिटनमधला खरेदी-कर वाचे. तिच्या खपात या सवलतीचा वाटा तिच्या गुणांइतकाच असावा. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि थोड्याफार फरकाने ती आजही बनते. जपानच्या माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ आणून तोच विचार रोज वापरता येईल अशा, न गळणाऱ्या आणि न रुसणाऱ्या गाडीत उतरवला. तिचे वजन साडेनऊशे किलोच्या आसपास होते, आणि तिच्या सर्व पिढ्या मिळून दहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. १९९६ ची लोटस इलीझ ही ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेली गाडी पहिल्या रूपात सुमारे सव्वासातशे किलोची होती. या परंपरेमागचा तर्क पक्का आहे. वजन घटवले की फायदा एका जागी थांबत नाही : इंजिन लहान चालते, लहान इंजिनाला रेडिएटर लहान पुरतो, ब्रेक आणि टायर हलके लागतात, आणि त्यामुळे वजन आणखी उतरते. नुसती शक्ती वाढवली तर सरळ रस्त्यावर वेग वाढेल, पण वळणावर आणि ब्रेक दाबताना जडपणा गाडीबरोबर येणारच. टायरची पकड भार वाढेल तशी वाढते खरी, पण त्याच प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. म्हणून हलकी गाडी तेवढ्याच रुंदीच्या टायरवर वळण अधिक विश्वासाने घेते. मात्र उघडी गाडी वारा कापण्यात कच्ची असते. वेग वाढू लागला की वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि हलकेपणाचा लाभ त्यात बुडतो. ही मुळात मध्यम वेगाची, वळणांची गाडी आहे. तिच्याकडे शर्यतीच्या नजरेने पाहणारे तिच्या बाजूने बोलोत की विरोधात, चुकतात.

महाराष्ट्रात या विचाराचा अस्सल नमुना अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत तयार झाला. तेथील चिंकारा मोटर्सने विसाव्या-एकविसाव्या शतकांच्या सांध्यावर लोटस सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर १.८ एस ही गाडी आणली. तिचे अंग फायबरग्लासचे होते आणि इंजिन इसुझूच्या बनावटीचे, अँबॅसेडर १८०० मध्ये बसणारे. ही निवड चतुराईची होती. तेच इंजिन अँबॅसेडरमध्ये टनाहून जड धूड ओढत असे, तेव्हा हलक्या रोडस्टरला ते सहज पुरणार होते. शिवाय ते देशभरातल्या टॅक्सी-मिस्त्रींच्या हाताखालून गेलेले होते. फायबरग्लासला गंज नाही, आणि तडा गेला तर राळ आणि काचधाग्याची जाळी वापरून तो कोणत्याही साध्या कार्यशाळेत भरता येतो. बंगळूरच्या सॅन उद्योगसमूहाची सॅन स्टॉर्म ही त्याच सुमाराची दुसरी गाडी, रेनॉच्या ११४९ घनसेंमी. इंजिनाची आणि तीही फायबरग्लासचीच. दोन्ही थोड्या संख्येने बनल्या. त्यांची जुळणी परदेशी गाड्यांच्या तोडीची नव्हती हे मान्य करावे लागते. पण त्या मागे पडण्याचे ते एकमेव कारण नव्हते.

बारामती–इंदापूर परिसराला हलकी वाहने नवी नाहीत. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंब परिसरात साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी निघाल्या. ऊस आणि मोटार यांचे नाते असे एकाच कर्त्या पुरुषापाशी जुळते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पियाजिओची आपे ही तीनचाकी आणि २०१२ पासून वेस्पा स्कूटर बनते. १९४६ ची वेस्पा आणि १९४८ ची आपे या इटलीतल्या युद्धोत्तर टंचाईच्या लेकी : लहान इंजिन, दाबून घडवलेला पत्रा, अनावश्यक ते सारे गाळलेले. चॅपमनने मौजेसाठी जे केले, ते पियाजिओने गरजेपोटी केले. त्याहून बोलका पुरावा मारुती ८०० चा. साडेसहाशे किलोच्या आगेमागे भरणारी ही गाडी इलीझपेक्षाही हलकी होती, आणि तिने या दोन तालुक्यांत वर्षानुवर्षे वऱ्हाडे, दवाखाने आणि बाजार केले. येथील रस्त्यांवर हलकी गाडी टिकत नाही, या म्हणण्याला वेगळे उत्तर द्यायची गरज उरत नाही.

यावर आक्षेप येतो तो असा की, मारुती उंच होती आणि स्पोर्ट्‌स कार जमिनीला टेकलेली असते. आक्षेप रास्त आहे, पण त्याचे गणित मांडून पाहावे. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंमी. उंच आणि ३.७ मी. रुंद, म्हणजे साधारण १७ मी. त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा. इलीझच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.३ मी. अंतर आहे. एवढ्या अंतराची गाडी या गतिरोधकाच्या माथ्यावर बरोबर मध्ये आली, तर चाकांच्या पातळीपेक्षा माथा फक्त ४ सेंमी. वर येतो. चाकांतले अंतर २.७ मी. असलेल्या मोठ्या सेदानला त्याच जागी सुमारे सव्वापाच सेंमी. मोकळीक लागते. म्हणजे मानकाप्रमाणे घातलेल्या गतिरोधकावर बुटक्या, आखूड गाडीचे पोट घासण्याचे कारण नाही. पोट घासते ते गावाच्या वेशीवर रातोरात टाकलेल्या अरुंद, उभ्या वरंब्यावर, आणि तो वरंबा सेदानचे, रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे आणि मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईचे कंबरडेही तेवढ्याच निष्ठेने मोडतो. पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग भिगवणवरून इंदापुरात येतो. पाटस–बारामती–इंदापूर हा संत तुकाराम महाराज पालखी मार्गही रुंद होऊन राष्ट्रीय महामार्गाच्या पंक्तीला बसला आहे. या गाडीला मात्र मोठ्या रस्त्यांपेक्षा बारामती–भिगवण किंवा निमगाव केतकीच्या बाजूचे, शिवार आणि कालवे यांमधून वळत जाणारे डांबरी रस्ते अधिक मानवतील. तेथे ट्रॅक्टर, दुचाक्या आणि गुरे पाहता वेग तासाला साठ-सत्तर किलोमीटरपुढे नेणे शहाणपणाचे नाही, आणि एवढ्या वेगात मजा देणारी मोटार फक्त हलकीच असू शकते. दोनशे अश्वशक्तीची जड गाडी या वेगात जांभया देते. पाणंदीवर तिला नेऊ नये, हे सांगायला नको.

उन्हाचा आक्षेप अर्धवट विचारातून येतो. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत आहेत. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जेथे चिंकारा बनली त्या अलिबागच्या साधारण पाव. उघड्या गाडीचा खरा शत्रू पाऊस आहे. ऊन टाळता येते, कारण ते घड्याळ पाळते. एप्रिल-मेच्या दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना, अशी गाडी बाहेर काढणे वेडेपणाचे आहेच. पण सकाळी नऊच्या आत किंवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात या हवेला तोड नाही. भिगवण–कुंभारगावच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात तेही याच हंगामात. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेल्या निरा डाव्या कालव्याने बागायत वाढवली, आणि उसाच्या पट्ट्यातली पहाट उघड्या माळापेक्षा गार असते. धूळ आहे, पाचट जाळल्याचा धूर आहे, कारखान्याजवळ मळीचा वास आहे. बंद काचेआड हे सारे लपते, उघड्या गाडीत नाकात शिरते. ज्याला ते नको असेल त्याने ही गाडी घेऊ नये, पण त्याला अडचण म्हणता येत नाही. रोज मोटारसायकलवरून जाणारे हजारो लोक याच हवेत प्रवास करतात.

ऊसवाहतुकीच्या आक्षेपाला मात्र पूर्ण उत्तर नाही. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चपर्यंत, कधी त्यापुढेही चालतो. म्हणजे हवा जेव्हा उत्तम, नेमके तेव्हाच रस्ते उसाने भरलेले असतात. भवानीनगरचा छत्रपती, बारामतीचे माळेगाव आणि सोमेश्वर अशा कारखान्यांकडे बैलगाड्या, ट्रक आणि एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस जात राहतात. ट्रॉलीच्या मागे बाहेर आलेली उसाची टोके सेव्हनसारख्या कमरेएवढ्या गाडीतल्या माणसाच्या बरोबर तोंडासमोर येतात. मागे रिफ्लेक्टर नसेल तर अंधारात ती दिसतही नाहीत. शेजारून जाताना उंचावर बसलेल्या ट्रॅक्टरवाल्याला खाली अशी गाडी आहे याचा पत्ता लागत नाही, आणि ध्वनिवर्धक दणाणत असेल तर हॉर्नही ऐकू जात नाही. बैठकीमागची संरक्षक कमान गाडी उलटल्यावर डोके वाचवते. समोरून आलेल्या उसापुढे तिचा उपयोग नाही. हलक्या गाडीचे ब्रेक चपळ असतात हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो, कारण जे दिसलेच नाही त्यासाठी ब्रेक लावता येत नाही. हंगामात सूर्यास्तानंतर ही गाडी रस्त्यावर आणू नये, एवढीच या बाबतीत तडजोड शक्य आहे.

मग जीपच्या वळणाची थार का घेऊ नये, असा प्रश्न उरतो. उघडी जीप या भागाच्या सवयीची आहे, आणि थार कापडी छपराचीही निघाली. पण २०२० नंतरची थार पावणेदोन टनांच्या घरात जाते. युद्धकाळातली मूळ विलीस जीप सुमारे अकराशे किलोची होती, आणि मारुतीची कापडी टपाची जिप्सी टनाच्या आत बसत असे. उघडेपणा राहिला, हलकेपणा गेला. यामागे सुरक्षिततेच्या अटी आहेत, आरामाची ओढ आहे आणि प्रतिष्ठाही आहे. ऊसपट्ट्यात गाडीचे वजन मालकाच्या वजनाशी जोडले जाते. लग्नाच्या मांडवासमोर साडेसहाशे किलोला कोण विचारतो? खुद्द लोटसने २०२३ मध्ये भारतात पाऊल टाकले ते अडीच टनांच्या आसपास वजनाची विजेवर चालणारी एलेत्रे घेऊन. चॅपमनच्या कंपनीलाही हलकेपणा विकण्याजोगा वाटला नाही, यात सारे आले.

आता कायदा. जुनी मारुती घेऊन तिचे छप्पर कापावे, हा गॅरेजमध्ये हमखास निघणारा सल्ला धोक्याचा आहे. तांत्रिक धोका वर आलाच आहे. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. नवी गाडी बनवायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे तिचा नमुना चाचणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशा दोन संस्था बारामतीहून काही तासांच्या अंतरावर आहेत. अंतर हा प्रश्नच नाही. धडक-चाचणी, एअरबॅग आणि एप्रिल २०२० पासूनचे बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष यांचा खर्च वर्षाला लाखभर गाड्या काढणाऱ्याला जाणवत नाही. वीस-पंचवीस काढणाऱ्याचा त्यात निकाल लागतो. ब्रिटनमध्ये एकेकट्या गाडीला तपासून मान्यता देण्याची सोय असल्यामुळे केटरहॅमचे सुटे भाग घरी जोडणारा माणूस तिला रस्त्यावर आणू शकतो. भारतात २०१८ पासून परदेशी निकषांवर मंजूर झालेल्या उजव्या सुकाणूच्या गाड्या वर्षाला अडीच हजारांपर्यंत येथील चाचणीशिवाय आयात करण्याची मुभा आहे. ती श्रीमंत आयातदाराच्या उपयोगी पडते, कार्लेखिंडीतल्या कारखानदाराच्या नाही. सुरक्षिततेचे नियम सैल करा असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या रस्त्यावर विनाहेल्मेट तिघे जण मोटारसायकलवर चालतात तेथे दोन सुरक्षापट्टे आणि संरक्षक कमान असलेल्या गाडीसाठी मर्यादित संख्येची वेगळी मान्यता असण्यात नियमांचे काही बिघडत नाही.

तोवर या परिसरातल्या हौशी माणसापुढे वापरलेली चिंकारा, सॅन स्टॉर्म किंवा जिप्सी हेच व्यवहार्य मार्ग आहेत. घेताना सांगाड्यावरचा क्रमांक नोंदणीपत्राशी जुळतो का, हे फायबरग्लासच्या रंगापेक्षा आधी पाहावे. इसुझू इंजिनाचे सुटे भाग अजून जुन्या बाजारात निघतात; फायबरग्लासचे साचे मात्र मिळत नाहीत, तेव्हा पुढचा-मागचा भाग मोडलेली गाडी स्वस्त असली तरी महाग पडते. नोंदणीला पंधरा वर्षे झालेल्या गाडीची योग्यता तपासून पुनर्नोंदणी करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. या दोन तालुक्यांसाठी ते काम एमएच ४२ क्रमांकाच्या बारामती परिवहन कार्यालयात होते.