घाट, दस्तक आणि पास



मी मॅट्रिकच्या परीक्षेस पहिल्या खेपेस बसलों, तेव्हां इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत भाषांतरासाठीं एक उतारा आला होता. एका लहानशा सैन्यानें शेवटपर्यंत ‘पास’ धरून ठेवला, अशा अर्थाचें एक वाक्य त्यांत होतें. मला ठाऊक असलेले पास दोनच. एक परीक्षेंतला आणि दुसरा एस्. टी.चा. सैनिकांना परीक्षेशीं काय कर्तव्य, असा विचार करून मीं लिहून दिलें कीं, ‘सैन्यानें आपला पास शेवटपर्यंत हातांतून सोडला नाहीं.’ त्या खेपेस मी इंग्रजींत नापास झालों. ह्या एकाच वाक्यापायीं झालों असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं; त्या पत्रिकेंत माझे इतरही पराक्रम होते. परंतु पुढें शिक्षकाच्या पेशांत पडल्यावर त्या शब्दाचा खरा अर्थ कळला, आणि मग मात्र हसावें कीं रडावें तें समजेना. कारण मी राहणारा जुन्नर तालुक्यांतील डिंगोरे गांवचा. ओतुराहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचें गांव. पश्चिमेस पाहावें तर सह्याद्रीची कड. लहानपणीं वडिलांबरोबर मी नाणेघाट पायीं उतरलों होतों. आणि त्या वाक्यांतला ‘पास’ म्हणजे घाट, खिंड! १६६० सालीं बाजीप्रभूंनीं घोडखिंडींत जें केलें, तेंच त्या परकी सैनिकांनीं केलें होतें. बाजीप्रभूंची गोष्ट मला चौथीपासून मुखोद्गत होती. एक शब्द आडवा आला, म्हणून माझीच गोष्ट मला ओळखूं आली नाहीं.

तेव्हांपासून हा चार अक्षरांचा इंग्रजी शब्द माझ्या मानगुटीस बसला आहे. त्याचें मूळ लॅटिन भाषेंत असून मूळ अर्थ पाऊल असा आहे. फ्रेंचांच्या हातून तो इंग्रजांकडे आला, आणि तेथें त्याचा केवढा विस्तार झाला! डोंगरांतली वाट ‘पास’, तिच्यांतून जाणें ‘पास’, जाऊं देण्याचा परवाना ‘पास’. काळ लोटणें, ठराव संमत होणें, चेंडू दुसऱ्याकडे देणें, परीक्षा उतरणें, ह्या सर्वांस तोच शब्द. एक लहानसें शेपूट जोडलें कीं माणसाच्या मरणासही तोच. मेजर कँडी ह्यांनीं मोल्सवर्थ ह्यांचें अपुरें राहिलेलें काम पुरें करून १८४७ सालीं इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध केला. अशा शब्दांपुढें मराठी प्रतिशब्दांची रांग लावतांना त्या मंडळींस किती पंडितांशीं खल करावा लागला असेल, ह्याची कल्पना तो जाडजूड ग्रंथ हातीं घेतल्यावांचून यावयाची नाहीं.

कारण आमच्या भाषेंत ह्या एका शब्दाच्या जागीं एक शब्द नाहीं. नुसती डोंगरांतील वाट घेतली तरी पाहा. दोन डोंगरांच्या मधली चिंचोळी फट ती खिंड. कोंकणांतून देशावर चढून येणारी लांबलचक वाट तो घाट. पावसाचें पाणी कोसळून जी उभी घळ पडते आणि जींतून माणूस हातापायांवर चढतो, ती नाळ. उत्तरेकडे नाशिक-खानदेशाच्या बाजूस बारी म्हणतात. आमच्या जुन्नरांत नाणेघाट आहे, माळशेज आहे, दाऱ्या घाट आहे. शेजारच्या आंबेगांवांत आहुप्याचा घाट आहे. ज्याला डोंगर ओलांडून मिठाची गोणी आणावयाची असते, त्याला खिंड आणि नाळ ह्यांतला भेद विसरून चालत नाहीं.

येथें भाषेची एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. युरोपांतून आलेले दर्यावर्दी व व्यापारी किनाऱ्यावर उतरले, आणि वर जाण्याच्या वाटेस येथील लोक घाट म्हणतात, हें त्यांनीं ऐकलें. त्यांनीं तो शब्द उचलला आणि वाटेचें नांव साऱ्या पर्वतास देऊन टाकलें. मग आम्हीं तेंच उलट मराठींत आणलें, आणि मीही वर्षानुवर्षें मुलांकडून ‘सह्याद्रि ऊर्फ पश्चिम घाट’ असें घोकून घेतलें. २०१२ सालीं जागतिक वारशाच्या यादींत ह्या पर्वताची नोंद झाली, तीही ह्याच नांवानें. म्हणजे आमची वाट त्यांच्या भाषेंत जाऊन पर्वत झाली. त्यांचा ‘पास’ मात्र आमच्याकडे येतांना डोंगर तिकडेच टाकून आला. नाणेघाटास कोणी मराठी माणूस ‘नाणे-पास’ म्हणाल्याचें मीं ऐकलेलें नाहीं. आणि ह्याच घाट शब्दापासून मुंबईंत ‘घाटी’ हा शब्द निघाला. आमच्या जुन्नर-आंबेगांवचे कितीतरी लोक पोटासाठीं मुंबईस गेले, ओझीं वाहून त्यांनीं संसार केले, आणि ‘घाटी’ म्हणून घेतलें. घाट चढून-उतरून येणें हें हिणवण्याजोगें कसें झालें, तें हिणवणारांनाच ठाऊक!

आतां नाणेघाटाकडे येतों. माथ्यावरच्या गांवाचें नांवच घाटघर. कोंकणांतील वैशाखऱ्याकडून चढून आलेली दगडी वाट कातळाच्या खिंडींतून वर येते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल ह्याच वाटेनें जुन्नरास आणि पुढें पैठणास जाई. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले जणूं तिच्या राखणीसच बसले आहेत. खिंडीच्या तोंडाशीं एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें परंपरा सांगते. जवळच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिच्या नांवानें ओळखला जाणारा लेख आहे. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमाराचा हा लेख कर्नल साइक्स ह्यांनीं १८२८ सालीं पाहिला आणि पुढें तो विद्वानांपुढें आणला. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि हजारों कार्षापणें ह्यांची मोजदाद त्यांत आहे, आणि भारतांतील अतिप्राचीन अंकांत तेथील अंकांची गणना होते. भिंतीवर सिमुक, सातकर्णि, नागनिका आदि राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. आज वर त्यांचीं नांवें आहेत आणि खालीं पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. ज्या शब्दाचा मूळ अर्थ पाऊल, त्याची चर्चा करावयास ह्याहून योग्य जागा कोणती?

जेथें वाट अडवितां येते तेथें परवाना आलाच. इंग्रजींत दोहोंनाही ‘पास’. आमच्याकडे फारसींतून आलेला दस्तक. हा नुसता कागद नव्हे. दस्तक कोणी द्यावयाचा ह्यावर राज्यें झालीं आणि बुडालीं. कोंकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे ह्यांचा दस्तक नसलेलें गलबत त्यांचें आरमार धरीत असे. आंग्र्यांनीं आपणांस परवाना द्यावा, हेंच इंग्रजांस मान्य नव्हतें. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून गेले, आणि हात हलवीत परत आले. बंगाल्यांत ह्याच्या उलट घडलें. १७१७ सालीं बादशहा फर्रुखसियर ह्याच्या फर्मानानें कंपनीस जकातमाफी मिळाली, आणि कंपनीचे नोकर तिच्या दस्तकाखालीं स्वतःचा खाजगी माल बिनजकात नेऊं लागले. देशी व्यापारी जकात भरभरून बुडाले. तेव्हां मीर कासीम ह्यानें १७६३ सालीं सर्वांचीच जकात उठविली. न्याय झाला, पण त्यांतूनच युद्ध पेटलें, १७६४ सालीं बक्सार येथें नबाबाच्या पक्षाचा मोड झाला, आणि पुढच्याच वर्षीं बंगालची दिवाणी कंपनीच्या हातीं गेली. एका ‘पास’साठीं एवढें रामायण!

परीक्षेंतला ‘पास’ मात्र आमच्याकडे बराच उशिरां आला. मुंबई विश्वविद्यालयाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींत उतरले. तेव्हांपासून हा शब्द घराघरांत शिरला. ‘फायनल पास’, ‘मॅट्रिक पास’ हीं बिरुदें झालीं. लग्नाच्या बोलण्यांत हुंड्याच्या आधीं त्यांचा उच्चार होऊं लागला. संस्कृत जाणणारांनीं त्यासाठीं ‘उत्तीर्ण’ हा शब्द योजिला, आणि माझ्या मतें ह्याहून नेमका प्रतिशब्द सांपडणें कठीण. उत्तीर्ण म्हणजे पलीकडे गेलेला, तरून गेलेला. तीर्थ हा शब्दही त्याच धातूचा. तीर्थ म्हणजे मुळांत नदीचा उतार. पैलतीर गाठणें आणि डोंगर ओलांडणें, कल्पना एकच.

परंतु लोकांनीं ‘उत्तीर्ण’ प्रमाणपत्रावर ठेवला आणि तोंडांत ‘पास’च ठेवला. इतकेंच नव्हे, तर त्यास ‘ना’ जोडून ‘नापास’ हा अस्सल देशी शब्द घडविला. इंग्रजांकडे तो नाहीं. त्यांचा अपयशाचा शब्द अगदीं निराळा. आमचा ‘नापास’ मात्र नालायक आणि नापसंत ह्यांच्या पंक्तीस जाऊन बसला, आणि त्यांचा वास त्यास लागला. डोंगर चढतांना एखादा मागें राहिला, तर तो अजून वाटेंत आहे असें आपण म्हणतों. वर्गांत मागें राहिलेल्या मुलाविषयीं तसें कोणी म्हणत नाहीं. निकालाच्या दिवशीं प्रगतिपुस्तकांवर हा शब्द मीं स्वतः लाल शाईनें लिहिला आहे. किती वेळां, तें मोजलें नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत मुलास त्याच वर्गांत बसविणें बंद केलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीपुरती ती मोकळीक राज्यांस पुन्हां दिली. ह्या दोन्ही बाजूंस बोलण्याजोगें पुष्कळ आहे. मी त्या वादांत पडत नाहीं.

एक मुलगा मात्र मला आठवतो. गणितांत माझ्याच हातून तो दोन वर्षें सातवींत राहिला. तिसऱ्या वर्षीं शाळेंत आलाच नाहीं. माळशेज उतरून कल्याणास गेला, असें त्याच्या आईनें सांगितलें. पुढें पुष्कळ वर्षांनीं, गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशीं, आमच्या फाट्यावर एक मालमोटार थांबली आणि पन्नाशीकडे झुकलेला एक गृहस्थ खालीं उतरून माझ्या पायां पडला. तोच तो. मोटार त्याची स्वतःची. रात्रंदिवस घाट चढतो-उतरतो. कोणत्या वळणावर दरड येते तें त्याला तोंडपाठ. आदल्या दिवशींच तो मोटार तपासणीसाठीं सरकारी कचेरींत नेऊन आला होता. ह्या तपासणीस आतां सगळेच ‘पासिंग’ म्हणतात.

“मग, काय झालें तुझ्या पासिंगाचें?” मीं विचारलें.

“झाली कीं, गुरुजी,” तो म्हणाला, “गाडी पहिल्याच खेपेला पास झाली.”

आणि मोठ्यानें हसून त्यानें मला चहाच्या टपरीकडे चलण्याचा आग्रह केला. पैसे त्यानेंच दिले.