मिल्ले मिल्या

मिल्ले मिल्या (अर्थ: एक हजार मैल, मराठी लेखनात मिले मिग्लिया असाही उच्चार आढळतो) ही इटलीतील सार्वजनिक रस्त्यांवर होणारी मोटार शर्यत होती. इ.स. १९२७ ते इ.स. १९५७ या काळात ती २४ वेळा झाली. त्यांपैकी १३ शर्यती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपूर्वीच्या व ११ नंतरच्या आहेत. उत्तर इटलीतील ब्रेशिया शहरातून निघून रोमला वळसा घालून पुन्हा ब्रेशियाला पोहोचणे, असा सुमारे १,६०० किलोमीटरचा प्रवास चालकांना कोठेही मुक्काम न करता एका दमात पूर्ण करावा लागे. खेड्यांच्या वेशी, द्राक्षमळ्यांच्या कडा, ॲपेनाइन पर्वतातील घाट आणि समुद्रकाठचे सरळ रस्ते या सर्वांवरून शक्तिशाली स्पोर्ट्‌स मोटारी पूर्ण वेगाने नेण्याची संधी देणाऱ्या शर्यती युरोपात फारच थोड्या होत्या. त्यामुळे ‘जगातील सर्वांत सुंदर शर्यत’ असा तिचा उल्लेख होत असे. इ.स. १९५७ मधील भीषण अपघातानंतर ती बंद करण्यात आली.

स्थापना

इटालियन ग्रां प्री ही शर्यत इ.स. १९२१ साली ब्रेशियाजवळ झाली होती. मात्र पुढच्याच वर्षी मिलानजवळील मोन्झा येथे बंदिस्त धावपट्टी तयार झाली आणि तो मान तिकडे गेला. ही गोष्ट ब्रेशियाकरांच्या मनाला लागली. आयमो माज्जी व फ्रांको माझ्झोत्ती हे दोन तरुण उमराव, संयोजक रेन्झो कास्तान्येतो आणि क्रीडापत्रकार जोव्हानी कानेस्त्रीनी या चौघांनी ब्रेशियाची स्वतःची शर्यत उभी करण्याचे ठरवले. धावपट्टी बांधण्याइतका पैसा नव्हता. रस्ते मात्र होते. इटलीत अंतर किलोमीटरमध्ये मोजले जात असूनही नावात मैल आले. त्याचे समर्थन म्हणून प्राचीन रोमन लोक मैल वापरीत, असे सांगितले जाते. रोमन मैल आजच्या मैलापेक्षा आखूड होता व तसे हजार मैल १,५०० किलोमीटरही भरत नाहीत, तेव्हा हे समर्थन फारसे टिकणारे नाही.

पहिली शर्यत २६ व २७ मार्च १९२७ रोजी झाली. तीत ७७ मोटारींनी भाग घेतला. फेर्दिनांदो मिनोया व जुझेप्पे मोरांदी यांनी ब्रेशियातच तयार झालेल्या ओएम मोटारीतून २१ तास ४ मिनिटांत अंतर कापून विजय मिळवला. दुसरा व तिसरा क्रमांकही ओएमचाच होता. सरासरी वेग ताशी सुमारे ७७ किलोमीटर पडला. त्या वेळी मार्गाचा बराच भाग खडीचा व धुळीचा होता, हे लक्षात घेता हा वेग कमी म्हणता येत नाही.

मार्ग व स्वरूप

तीस वर्षांत मार्ग अनेकदा बदलला. सुरुवातीला त्याचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा होता. युद्धोत्तर काळातील शेवटच्या वर्षांत मोटारी पादुआवरून एड्रियाटिक समुद्राच्या काठाने पेस्काराला, तेथून पर्वत ओलांडून रोमला आणि परतताना सिएना, फ्लोरेन्स, बोलोन्या असे करत ब्रेशियाला येत. किनाऱ्यालगतच्या सरळ रस्त्यावर मोटारीच्या ताकदीचा कस लागे, तर फ्लोरेन्स व बोलोन्या यांमधील फुता व रातिकोझा या घाटांत चालकाचा.

सर्व मोटारी एकाच वेळी सोडल्या जात नसत. ब्रेशियातील व्हियाले व्हेनेत्सिया येथील उतरत्या मंचावरून एकेक मोटार ठरावीक अंतराने निघे. कमी शक्तीच्या मोटारी आदल्या रात्रीपासून, तर सर्वांत वेगवान मोटारी सकाळी सोडल्या जात. युद्धोत्तर काळात मोटारीचा क्रमांक हीच तिच्या प्रस्थानाची वेळ असे. ७२२ क्रमांकाची मोटार सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघे. निकाल रस्त्यावरील क्रमावरून नव्हे, तर लागलेल्या वेळेवरून ठरे. व्यावसायिक चालकांबरोबर स्वतःची साधी मोटार घेऊन आलेले हौशी लोकही भाग घेत. इ.स. १९५४ च्या शर्यतीत इसेटा ही अंड्याच्या आकाराची चिमुकली मोटारसुद्धा धावली होती. याचा परिणाम असा की, मागून निघालेल्या वेगवान चालकाला दिवसभर शेकडो संथ मोटारी ओलांडत जावे लागे.

बंदिस्त धावपट्टीवर चालक तेच वळण पुन्हा पुन्हा घेतो व काही फेऱ्यांत ते त्याच्या अंगवळणी पडते. येथे प्रत्येक वळण एकदाच येई. उंचवट्यापलीकडे रस्ता सरळ जातो की डावीकडे वळतो, हे आठवत नसेल तर वेग कमी करण्यावाचून उपाय नसे. आणि जो वेग कमी करणार नाही तो एकतर जिंकणार किंवा शेतात जाणार. या शर्यतीचे आकर्षण व तिचा धोका ही दोन्ही या एकाच गोष्टीतून आली होती. तिची आठवण सांगणाऱ्या बहुतेकांना या दोहोंना वेगळे करता आलेले नाही.

उल्लेखनीय शर्यती

इ.स. १९३० मध्ये तात्सियो नुव्होलारी याने अल्फा रोमिओ मोटारीतून आकिले व्हार्झी याला हरवले व ताशी १०० किलोमीटरहून अधिक सरासरी प्रथमच गाठली. पहाटेच्या अंधारात दिवे मालवून तो नकळत व्हार्झीच्या पाठीशी पोहोचला, ही कथा मोटार शर्यतींच्या इतिहासात फार प्रसिद्ध आहे. परंतु नुव्होलारी व्हार्झीच्या दहा मिनिटे मागून निघाला होता. त्याला गाठले तेव्हा वेळेच्या हिशेबाने तो केव्हाच पुढे होता. दिवे मालवले असतील तर ते गरजेपोटी नव्हे, असेच म्हणावे लागते. पुढच्या वर्षी जर्मनीचा रुडोल्फ काराचोला मर्सिडीज-बेंझमधून जिंकला. तो पहिला बिगर-इटालियन विजेता होय.

सर्वाधिक चार विजय क्लेमेंते बियोंदेत्ती याच्या नावावर आहेत (१९३८, १९४७, १९४८ व १९४९). तरीही इ.स. १९४८ ची शर्यत लोकांच्या लक्षात राहिली ती त्याच्यामुळे नव्हे. पंचावन्न वर्षांचा, आजारी नुव्होलारी त्या वर्षी फेरारीतून आघाडीवर होता. वाटेत मोटारीचे मडगार्ड व बॉनेट निघून गेले, तरी तो थांबला नाही. अखेर रेज्जो एमिलियाजवळ स्प्रिंग तुटल्याने त्याला शर्यत सोडावी लागली. इ.स. १९५० मध्ये जानिनो मार्झोत्तो हा कापड कारखानदार घराण्यातील तरुण सूट घालून मोटार चालवीत जिंकला. इ.स. १९५४ मध्ये हान्स हेरमान पोर्शेतून रेल्वे फाटकाशी पोहोचला तेव्हा फाटक पडत होते व गाडी येत होती. थांबणे शक्य नसल्याने त्याने सहचालक हर्बर्ट लिंगे याच्या डोक्यावर थाप मारून त्याला वाकवले आणि दोघे आडव्या दांड्याखालून पार झाले.

उत्पादकांमध्ये अल्फा रोमिओने ११, तर फेरारीने ८ शर्यती जिंकल्या. फेरारीच्या १६६ एमएम, ३४० एमएम, २९० एमएम या मोटारींच्या नावातील आद्याक्षरे याच शर्यतीची आहेत.

इ.स. १९५५ चा विक्रम

ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉस व सहप्रवासी डेनिस जेन्किन्सन यांनी १ मे १९५५ रोजी मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर मोटारीतून १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत अंतर पूर्ण केले. सरासरी वेग ताशी सुमारे १५७.६ किलोमीटर होता व तो पुढे कोणालाही मोडता आला नाही.

इटालियन चालकांना हे रस्ते लहानपणापासून ठाऊक होते, मॉसला नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी दोघांनी शर्यतीपूर्वी मार्गावरून वारंवार फेऱ्या मारल्या आणि जेन्किन्सनने धोक्याची वळणे, उंचवटे, रेल्वे फाटके व निसरडे भाग यांची नोंद केली. ही नोंद सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या कागदाच्या पट्टीवर लिहून ती पारदर्शक खिडकी असलेल्या धातूच्या पेटीत रुळांवर गुंडाळली होती. मूळ कल्पना जॉन फिच या अमेरिकन चालकाबरोबर आखलेली होती. तो त्या वर्षी दुसऱ्या मर्सिडीजमधून धावला व पाचवा आला. इंजिनाच्या आवाजात बोलणे अशक्य असल्याने जेन्किन्सन हाताच्या ठरावीक खुणा करी. दिसत नसलेल्या उंचवट्यापुढे रस्ता सरळ असल्याची खूण मिळाली की मॉस ॲक्सिलरेटर सोडत नसे. ताशी २७० किलोमीटरच्या आसपास मोटार काही क्षण जमिनीपासून सुटे. अशा वेळी चालकाचा जीव शेजाऱ्याच्या अक्षरावर अवलंबून असे. चुकीच्या ओळीवर बोट गेले असते तर ते सांगायला दोघांपैकी कोणी उरले नसते. वाटेत जेन्किन्सनला ओकारी आली व मोटारीबाहेर वाकताच वाऱ्याने त्याचा चष्मा उडवला. त्याने खिशात दुसरा ठेवला होता, म्हणून नोंदी वाचता आल्या.

रोमला जो पहिला असतो तो ब्रेशियाला जिंकत नाही, अशी एक समजूत होती. मॉस रोमला आघाडीवर होता आणि जिंकलाही. त्याचा संघसहकारी हुआन मान्वेल फांजिओ एकट्याने मोटार चालवीत अर्ध्या तासाहून अधिक मागे, दुसरा आला. जेन्किन्सन व्यवसायाने पत्रकार होता व त्याने ‘मोटर स्पोर्ट’ मासिकात लिहिलेला वृत्तांत मोटारविषयक लेखनात अभिजात मानला जातो. लिखित नोंदी वाचून चालकाला वाट सांगण्याची ही पद्धत आज रॅली शर्यतींत सर्वत्र रूढ आहे.

अपघात व बंदी

प्रेक्षकांची संख्या प्रचंड असे आणि रस्ता व माणसे यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी काहीच नसे. लोक अगदी कडेला उभे राहत. मोटार जवळ आली की गर्दी दुभंगे व ती गेली की पुन्हा मिटे. इ.स. १९३८ मध्ये बोलोन्या येथे एक मोटार गर्दीत घुसून मुलांसह दहा प्रेक्षक ठार झाले. मुसोलिनी सरकारने शर्यतीवर बंदी घातली. इ.स. १९४० ची शर्यत ब्रेशिया–क्रेमोना–मांतुआ या त्रिकोणावर नऊ फेऱ्यांची, वेगळ्या नावाने घेण्यात आली.

१२ मे १९५७ रोजी अल्फोन्सो दे पोर्तागो हा २८ वर्षांचा स्पॅनिश उमराव फेरारी ३३५ एस मोटारीतून मांतुआकडून ब्रेशियाकडे येत होता. शर्यत संपण्यास काही दहा किलोमीटर उरले होते. ग्विदिझ्झोलो गावाजवळील सरळ रस्त्यावर टायर फुटला आणि मोटार उडून प्रेक्षकांत गेली. दे पोर्तागो, सहचालक एडमंड नेल्सन व नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. प्रेक्षकांपैकी पाच मुले होती. ती गावाजवळच्या रस्त्याच्या कडेला मोटारी पाहायला उभी होती. त्या दिवशी पन्नास वर्षांचा पिएरो तारुफ्फी अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर प्रथमच जिंकला आणि त्यानंतर त्याने शर्यतींतून निवृत्ती घेतली.

इटली सरकारने सार्वजनिक रस्त्यांवरील वेगाच्या शर्यती बंद केल्या. एन्झो फेरारी यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला, इ.स. १९६१ मध्ये ते दोषमुक्त झाले. रस्त्याच्या मध्यरेषेवरील परावर्तक खुंटीमुळे टायरला इजा झाली, असे कारण नंतर पुढे आले. ‘फेरारी’ (२०२३) या मायकल मान दिग्दर्शित चित्रपटात हा प्रसंग आहे. अपघातस्थळी मृतांचे स्मारक आहे.

सद्यःस्थिती

इ.स. १९५८, १९५९ व १९६१ मध्ये याच नावाने रॅलीसदृश स्पर्धा झाल्या, पण त्यांना जुना प्रतिसाद लाभला नाही. इ.स. १९७७ मध्ये पन्नासाव्या वर्षानिमित्त ऐतिहासिक मोटारींची फेरी सुरू झाली. मूळ शर्यतीच्या काळातील व तिच्याशी संबंधित प्रकारच्या मोटारींनाच तीत प्रवेश मिळतो आणि वेगाऐवजी ठरलेल्या वेळेत अंतर कापण्याच्या अचूकतेला गुण दिले जातात. लाल बाण हे जुने चिन्ह कायम आहे. ब्रेशियातील सांतेउफेमिया मठात इ.स. २००४ पासून मिल्ले मिल्या संग्रहालय आहे. मॉस व जेन्किन्सन यांची ७२२ क्रमांकाची मोटार मर्सिडीज-बेंझच्या संग्रहात जतन केलेली आहे.