झपाटलेला वाडा आणि वेताळाचा प्रश्न

झपाटलेले घर ही युरोपीय कादंबरीने संगणकाला दिलेली देणगी होय. होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीपासून तेथे वास्तू हेच पात्र बनले. १९८० साली रोबर्टा व केन विल्यम्स या दांपत्याने अ‍ॅपल टू संगणकासाठी ‘मिस्टरी हाउस’ हा खेळ तयार केला. साध्या रेषांनी काढलेले एक घर पडद्यावर दिसे आणि खेळणाऱ्याने दोन शब्दांची आज्ञा टंकून त्यात वाट काढायची असे. १९९३ साली ट्रायलोबाइट या कंपनीचा ‘द सेव्हन्थ गेस्ट’ आला आणि त्याने हे घर दोन सीडी-रॉमवर सजीव केले. स्टॉफ नावाचा एक खेळणी करणारा, त्याने बांधलेला वाडा, त्यात बोलावलेले सहा पाहुणे आणि खोलीखोलीत मांडून ठेवलेली कोडी, एवढाच त्याचा पसारा. केक असा कापायचा की सहाही वाटेकऱ्यांना दोन कवट्या, दोन थडगी आणि एक कोरा तुकडा मिळावा. पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कोणी कोणाला मारू नये. कोडे सुटले की पुढचे दार उघडते. ग्रंथालयातले पुस्तक तर अडलेल्याला सूचनाही देते.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. भूत आणि कोडे यांची ही जोडी आपल्याला नवी आहे काय? सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त अकराव्या शतकात ग्रथित झालेली वेतालकथा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणात सुरू होते. तीच गोदावरी पुढे नांदेडच्या घाटांवरून वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली, आणि प्रेत खांद्यावर घेऊन चालणारा राजा पुढे घरोघर पोहोचला.

मात्र दोन्ही खेळांचे नियम अगदी उलटे आहेत. स्टॉफच्या वाड्यात अचूक उत्तर खेळणाऱ्याला पुढे नेते. वेताळाच्या खेळात अचूक उत्तर राजाला पुन्हा झाडापाशी आणून सोडते. उत्तर ठाऊक असून बोलला नाही तर मस्तक फुटेल, आणि बोलला तर मौन मोडेल. पिता आणि पुत्र यांनी कन्या आणि माता यांच्याशी उलटसुलट विवाह केले, तर त्यांच्या संततीचे नाते काय? या अखेरच्या प्रश्नावर राजा निरुत्तर होतो आणि त्याच्या मौनामुळेच कथा सुटते. तेथे बुद्धीच्या विजयाने दार उघडते, येथे बुद्धीची सीमा ओळखल्यावर. हा फरक केवळ रचनेचा नव्हे. ज्ञानाकडे पाहण्याच्या दोन दृष्टींचा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या लोककथांतील भुते बहुधा घरात राहत नाहीत. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्यात, वेताळ स्मशानात. घर ही भुतांपासून सुटकेची जागा. म्हणून तर दाराला लिंबू-मिरची टांगायची. झपाटलेला वाडा मराठीत ठळक झाला तो विसाव्या शतकात, नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या भयकथांतून. गढ्यांचे आणि वाड्यांचे वैभव ओसरत असताना तो ठळक व्हावा, हा योगायोग नसावा.

मराठवाड्याला मात्र घराची भीती भूतकथेतून आली नाही. ‘द सेव्हन्थ गेस्ट’ ज्या वर्षी आला त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे दगावली, आणि त्यांना मारले ते त्यांच्याच घरांनी. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदावर उन्हापासून संरक्षण म्हणून वर्षानुवर्षे चढवलेला मातीचा थर. जे ओझे उन्हाळ्यात गारवा देत होते, तेच त्या रात्री छातीवर आले. पुढे कितीतरी दिवस लोक दगडी घरात झोपायला धजावत नव्हते. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, आणि जुन्या गावठाणांत पडक्या भिंती उरल्या.

अशा भिंती पाहून बाहेरच्या माणसाला भुताची गोष्ट सुचू शकते. आम्हांस ती अनुचित वाटते. कारण येथले कोडे अमानवी नव्हते. भूकंपाच्या नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात दाखवलेला होता. १९९२ मध्येच या परिसरात धक्के बसले होते. म्हणजे प्रश्न विचारला गेला होता, पण ऐकणाऱ्यांना तो प्रश्न वाटला नाही. २००२ साली नकाशा सुधारला गेला आणि लातूरचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. उत्तर आले, पण माणसे गेल्यावर.

स्टॉफचे कोडे चुकले तर ते पुन्हा मांडता येते. वेताळाचा राजाही पुन्हा झाडापाशी जाऊन प्रेत खांद्यावर घेतो. किल्लारीच्या माणसांना दुसरी फेरी नव्हती. मराठीत उद्या कोणी झपाटलेल्या वाड्याचा खेळ रचणार असेल, तर त्याने हे तिन्ही नियम शेजारी ठेवून पाहावेत. त्यातला तिसरा सर्वांत कठीण आहे. त्यात भूत नसते. मात्र छतावर किती माती चढली आहे, हे वेळेत विचारावे लागते.