सोळाचे शंभर : आण्याच्या हिशेबाची गोष्ट

१/ समजा, १ एप्रिल १९५७ रोजी लालबागमधील एका गिरणी कामगाराने एक आण्याची वस्तू घेतली. त्याच दिवशी रुपयाचे १०० नवे पैसे झाले होते. मग एका आण्याचे पैसे किती द्यायचे?

२/ गणिताने उत्तर येते सव्वासहा. परंतु पाव पैशाचे नाणेच नव्हते. म्हणून अपूर्णांक जवळच्या पैशात पूर्ण करावा, बरोबर अर्धा उरल्यास सोडून द्यावा, असा नियम झाला. रूपांतराच्या कोष्टकात १ आणा म्हणजे ६, २ आणे १२, ३ आणे १९ आणि ४ आणे २५ नवे पैसे.

३/ खरी मेख येथेच होती. एकेक आण्याच्या तीन वस्तू निरनिराळ्या घेतल्या तर १८ पैसे, एकदम घेतल्या तर १९! एकेक आणा करून सोळा वेळा खरेदी केली, तर रुपयाचा माल ९६ पैशांत मिळे. रोजची खरेदी थोडीथोडी करणाऱ्या चाळीतील कुटुंबाला आणि त्याच्या वाण्याला हा फरक लहान नव्हता. दोघांनाही मान्य असा निवाडा छापील कोष्टकच देई.

४/ सोळाचे निम्मे आठ, मग चार, दोन, एक. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेल्या पिढीच्या डोक्यातच हिशेबाचे यंत्र होते. शंभराचे मात्र तिसऱ्याच निम्म्याला साडेबारा होतात. जुने पाठांतर तेथे अडखळले.

५/ पाठोपाठ वजने बदलली. १९५६ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. शेराच्या भावात किलो दिला, तर दुकानदाराचे ६७ ग्रॅम जात. किलोचा भाव घेऊन शेरच तोलला, तर तेवढेच गिऱ्हाइकाचे. कापडाचा वारही ०.९१४४ मीटर भरे, म्हणजे वाराचा भाव मीटरला जसाच्या तसा लावता येत नसे.

६/ पुढे कोष्टके अडगळीत गेली, शब्द मात्र टिकले. पाव शेराचा ‘पाव किलो’ झाला. ११.६६ ग्रॅमचा तोळा सराफी बोलण्यात १० ग्रॅमचा झाला. कापसाचा भाव आजही सुमारे ३५६ किलोच्या खंडीवर सांगतात. ‘चार आणे’ म्हणून ओळखले जाणारे २५ पैशांचे नाणे २०११ मध्ये चलनातून गेले.

७/ दशमान पद्धत कायद्याने आली, पण ती रुजली गल्ल्यावरच्या त्या साध्या कोष्टकामुळे. आपल्या घरी कोणाला पाऊणकी येते का? आज अवश्य विचारा.