वैरणीच्या गंजीपासून

राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणी टाकून असलेल्या घोडदळाचे जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना एक पत्र धाडले. शौर्याचे धडे शोधायला बसलेल्या माणसाची ते वाचून निराशाच होईल, कारण सगळा मजकूर दाणा, वैरण, आगट्या आणि दिवे यांचा आहे. पावसाळ्यासाठी दाभोळ सुभ्यात केलेला साठा छावणीपायी आधीच खर्ची पडला होता. आता मिळते आहे तोवर घोड्यांना हवे तसे चारत राहाल, तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. मग तुम्ही मुलखात उतराल, कोणी कुणब्याचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी भाजी, आणि त्या कुणब्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील. लागेल ते बाजारातून रोख देऊन घ्या. पत्र आणखी बारकाईत शिरते. रात्री दिवा जळता राहिला, उंदराने वात ओढून नेली आणि गवताच्या गंजीने पेट घेतला, तर नंतर कोणाची मुंडकी उडवून वैरणीची एक काडीही परत यायची नाही.

सैन्याकडून उद्योगाने काय शिकावे, या विषयाचा उंबरठा ओलांडणाऱ्या वाचकाला मी आधी हे पत्र वाचायला सांगतो. रणांगणावरचे धडे डोळे दिपवतात, पण धंद्याच्या कामाचे बहुतेक धडे छावणीत सापडतात.

आपल्याकडे या विषयाची ओळख बहुधा चुकीच्या दाराने होते. रिसॉर्टवर दोन दिवसांचे शिबिर असते, व्यवस्थापकांना ठिपक्यांचे हिरवे टी-शर्ट वाटतात, दोरावरून लोंबकळायला लावतात आणि संध्याकाळी स्लाइडवर गनिमी कावा येतो. मी अशा एका शिबिरात वक्ता होतो. जेवणाच्या सुटीत कंपनीचा खरेदी अधिकारी अभिमानाने सांगत होता की छोट्या पुरवठादारांची बिले आम्ही चार-चार महिने आरामात लांबवतो. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकते व्हावेत, असे 2006चा कायदा सांगतो. आणि कायदा होण्याच्या सव्वातीनशे वर्षे आधी त्या पत्राने कुणब्याची बाजू मांडलेली होती. भोसरीतला चार लेथवाला जॉबवर्कर हा आजचा कुणबी. तो मोडला तर पुढच्या हंगामात सुटे भाग कोण देणार? त्या दुपारी गनिमी काव्याची स्लाइड मी गाळली.

या विषयाचा पसारा मोठा आहे. ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्दच ग्रीक सेनापतीच्या पदनामातून आला आणि व्यवस्थापनाच्या वर्गात तो रुळला विसाव्या शतकात. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, म्हणजे राज्य राखणाऱ्याला पेढीची किंमत ठाऊक होती. 1806मध्ये येना इथे नेपोलियनकडून मार खाल्ल्यावर प्रशियाने आपले सैन्य मुळापासून तपासले. त्यातून पुढे, विशेषतः प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टके याच्या काळात, हेतू वरून सांगायचा आणि मार्ग हाताखालच्याने निवडायचा, अशी रीत घडत गेली. लष्कर म्हणजे वरून हुकूम आणि खालून ‘हो साहेब’, असे समजणाऱ्या कारखानदारांना याचे नवल वाटते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र एक साधी बैठक. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात फोर्ट अरविन इथे अमेरिकी सैन्याच्या तुकड्या लुटुपुटीच्या लढाया लढतात. लढाई संपली की घाम पुसायच्या आत सगळे गोलाकार बसतात. काय व्हायचे होते, काय झाले, का झाले, पुढच्या वेळी काय करायचे, एवढेच प्रश्न असतात. तिथे साधा सैनिकही अधिकाऱ्यासमोर सांगू शकतो की तुमचा निरोप माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. अनेक कंपन्यांनी ही पद्धत उचलली खरी, पण फॉर्म उचलला आणि अभय मागेच राहिले. बैठकीत बोललेले वार्षिक मूल्यमापनात निघणार असेल, तर तोंड कोण उघडेल? चारित्र्य हा शब्द या क्षेत्रात फार सैल वापरला जातो. मी तो इथे वापरतो: स्वतःची चूक कनिष्ठांसमोर ऐकून घेताना वरिष्ठाचा चेहरा कसा राहतो, त्या ठिकाणी.

उलट दिशेची वाटही वाचकाने पाहावी. रॉबर्ट मॅकनमारा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी आकडेमोड करत होते, 1946मध्ये फोर्ड कंपनीत गेले, 1960मध्ये तिचे अध्यक्ष झाले आणि 1961मध्ये संरक्षणमंत्री. हुशारीबद्दल शंका नव्हतीच. पण व्हिएतनाममध्ये प्रगती मोजायला मेलेल्या शत्रूंची संख्या धरली गेली, वरून आकडा हवा म्हटल्यावर खालून तो फुगून येऊ लागला. महिनाअखेरीला डीलरच्या गोदामात माल ढकलून टार्गेट गाठलेल्या कोणाही विक्री प्रतिनिधीला हे समजावून सांगावे लागत नाही.

तुलनेला मर्यादा आहेत आणि त्या मोठ्या आहेत. कामगार राजीनामा देऊ शकतो, जवान मोर्चावरून निघून जाऊ शकत नाही. प्रतिस्पर्धी कंपनी शत्रू नसते. उद्या तीच गिऱ्हाईक होऊ शकते. आणि तिमाही निकालासाठी कोणाकडे बलिदान मागणे हा सरळ आचरटपणा आहे. कंपनीच्या भिंतीवर युद्धाची भाषा दिसली की मी आधी ओव्हरटाइमचे पैसे वेळेवर मिळतात का ते विचारतो.

पुढच्या प्रकरणांत मोहिमा आहेत, नकाशे आहेत, माघारीही आहेत. पण ती उघडण्याआधी वाचकाने एक करावे. चांगल्या पलटणीत जवानांचे ताट वाढले गेले की मगच अधिकारी जेवतो. आपण जिथे काम करतो तिथल्या कॅन्टीनमध्ये तिसऱ्या पाळीच्या सुटीला, रात्री अडीचच्या सुमारास, एकदा जाऊन बसावे. भाजी गरम आहे का, उशिरा आलेल्या फिटरला पोळी उरली आहे का, आणि तिथे बसलेल्यांपैकी कोणी साहेबाला याआधी त्या वेळी पाहिले होते का, हे पाहून मग पान उलटावे.